ॲन्युरिझम : विस्फार वेगळा, विस्फोट वेगळा



१ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या अपोलो हॉस्पिटलने रजनीकांत यांच्या तब्येतीबद्दल एक छोटं पत्रक काढलं होतं. रजनीकांत म्हणजे मूळचे शिवाजीराव गायकवाड, बंगळुरूच्या मराठी घरातले. त्यांचं मूळ गाव आपल्याच पुणे जिल्ह्यातलं, जेजुरीजवळचं मावडी कडेपठार. म्हणून आपल्याकडेही त्या बातमीची बरीच चर्चा झाली. पत्रकात म्हटलं होतं की हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, म्हणजे महाधमनीला 'सूज' होती आणि मोठी शस्त्रक्रिया न करता, नळीवाटे आत स्टेंट बसवून ती सूज पूर्ण बंद केली.

आता 'सूज' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मुरगळलेला पाय, हळद-तुरटीचा लेप, दोन दिवसांत उतरणारी सूज. रक्तवाहिनीच्या बाबतीत तसं काही नसतं. तिथे भिंत फुगून रुंद झालेली असते, लेपाने किंवा गोळीने ती उतरत नाही. अशा फुगवट्याला वैद्यकशास्त्रात ॲन्युरिझम म्हणतात. हा शब्द रिपोर्टवर छापून घरी येतो तेव्हा घरातले एकतर साधी सूज समजून सोडून देतात, नाहीतर सगळं संपलं असं समजून रडायला लागतात. दोन्हीचं मूळ शब्द न कळण्यात आहे. म्हणून आजचा पाठ आधी शब्दाचा, मग शरीराचा.

शब्दात लपलेले चकवे

ॲन्युरिझम हा शब्द फसवा आहे. पहिला चकवा म्हणजे मधला 'न्युर'. न्यूरॉलॉजी, न्यूरोसर्जन हे शब्द आपण ऐकलेले असतात, त्यामुळे हा मेंदूचा किंवा मज्जातंतूचा आजार असणार असं चांगल्या शिकलेल्या माणसालाही वाटतं. पण 'न्यूरो'शी या शब्दाचं काही नातं नाही. वरच्या उदाहरणातला फुगवटा महाधमनीला होता, मेंदूपासून बराच लांब. ॲन्युरिझम शरीरातल्या कुठल्याही धमनीला होऊ शकतो.

दुसरा चकवा सुरुवातीचा. ॲनिमियामधला 'ॲन' नकाराचा आहे, 'रक्त नसणे' असा. इथला नाही. इथे मूळ ग्रीक उपसर्ग 'आना', म्हणजे वर, सर्वभर. तिसरा चकवा शेवटचा 'इझम'. समाजवादाला सोशलिझम म्हणतात त्यातला हा इझम नव्हे, तो मूळ ग्रीक शब्दाचाच तुकडा आहे.

मग शब्द फोडायचा कसा? ग्रीक भाषेत 'एउरिस' म्हणजे रुंद. त्यापासून 'रुंद करणे' असं क्रियापद, आणि त्याचं नाम 'आनेउरिस्मा', म्हणजे रुंदावणं. बस, एवढाच अर्थ आहे. यात फुटणं नाही, गाठ नाही, रक्तस्राव नाही.

संस्कृत शिकवणाऱ्यांना इथे एक गंमत सांगते. हा ग्रीक 'एउरिस' आणि आपला संस्कृत 'उरु' हे एकाच प्राचीन मुळातून आलेले भाऊ आहेत. 'उरु' म्हणजे विस्तीर्ण. मोठी पावलं टाकणारा विष्णू तो उरुक्रम, आणि विस्तीर्ण असलेली पृथ्वी ती उर्वी. (दीर्घ 'ऊ' असलेला 'ऊरु' म्हणजे मांडी, तो वेगळा. मुलं इथे हमखास घोळ घालतात.) तुमच्या वर्गात उर्वी नावाची मुलगी असेल तर तिच्या नावाचा एक लांबचा नातेवाईक डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये सापडतो म्हणायचा!

मराठीत प्रतिशब्द आहे 'धमनीविस्फार'. मला हा शब्द ॲन्युरिझमपेक्षा फार सरस वाटतो. कारण 'विस्फार' आपण रोज वापरतो. 'डोळे विस्फारून बघत राहिला' म्हणतो तेव्हा डोळे मोठे झालेले असतात, फुटलेले नसतात. आणि त्याच्याच शेजारचा शब्द 'विस्फोट'. धमनी रुंदावली तो विस्फार, ती फुटली तर विस्फोट. दोन अक्षरांचा फरक, पण दवाखान्यात त्याचा अर्थ दोन पूर्ण वेगळ्या परिस्थिती असा होतो. विस्फार वर्षानुवर्षं शांत राहू शकतो. विस्फोट झाला तर मिनिटं मोजायची.

सगळ्यालाच 'नस'

आपल्या बोलीत अजून एक अडचण आहे. आपण सगळ्यालाच 'नस' म्हणतो. पोटरीत गोळा आला, की नस चढली. मणक्यात मज्जातंतू दाबला गेला, की नस दबली. हृदयाची धमनी तुंबली, की नस ब्लॉक झाली. मेंदूत रक्तस्राव झाला, की नस फुटली. स्नायू, मज्जातंतू, धमनी, शीर, सगळे एका शब्दात. रोजच्या बोलण्यात चालतं, पण आजार समजून घेताना नाही चालत.

शाळेत आपण शिकवतोच: हृदयापासून रक्त दूर नेणारी ती धमनी (जुन्या पुस्तकात रोहिणी), हृदयाकडे आणणारी ती शीर किंवा नीला. धमनीत दाब जास्त, म्हणून तिची भिंत जाड आणि लवचीक. पायावर निळ्या वेड्यावाकड्या फुगलेल्या दिसतात त्या शिरा, त्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात, तो ॲन्युरिझम नव्हे. रक्ताची गुठळी म्हणजे आत साकळलेलं रक्त, तोही नव्हे. आणि गाठ, म्हणजे ट्यूमर, ही पेशींची वाढ असते. धमनीविस्फारात नवीन काही वाढलेलं नसतं. जी भिंत होती तीच कमजोर होऊन बाहेर आलेली असते.

हे मी का एवढं ताणतेय ते सांगते. तिसरीतल्या एका मुलीची आई एकदा शाळा सुटल्यावर रिपोर्ट घेऊन आली. नवरा चाकणच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये. बरेच दिवस चक्कर येत होती म्हणून एमआरआय काढला, आणि त्यात मेंदूच्या एका धमनीवर तीन मिलिमीटरचा फुगवटा दिसला. डॉक्टरांची वेळ तीन दिवसांनंतरची. "मॅडम, ह्यांच्या डोक्यात गाठ निघाली. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत." मी काही डॉक्टर नाही, उपचाराबद्दल मी एक शब्दही बोलले नाही. पण रिपोर्टमध्ये 'गाठ' असा शब्द कुठेच नव्हता आणि 'फुटला' असाही नव्हता, एवढं तर मला वाचता येत होतं. ते दोन शब्द तिथे नाहीत, हे तिला बोट ठेवून दाखवलं. पुढे डॉक्टरांनी ऑपरेशन न करता ठरावीक काळाने पुन्हा तपासणी करायची, रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही आणि सिगारेट कायमची बंद, असं सांगितलं. फुगवट्याचा आकार, जागा, वय, घरातला इतिहास हे सगळं पाहून प्रत्येकाचा निर्णय वेगळा होतो, त्यामुळे हे उदाहरण कुणी आपल्याला लावून घेऊ नये.

टायरला आलेला फुगा

आपल्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या पालकांना ही गोष्ट समजावायला टायरइतकं चांगलं साधन नाही. टायरच्या बाजूला कधीकधी फुगा येतो, पाहिला असेल. खड्ड्यात चाक आपटलं की आतले दोरे तुटतात. वरचं रबर शाबूत, हवा भरलेली, गाडीही चालते. पण त्या जागी ताकद देणारा थर गेलेला असतो, म्हणून आतली हवा रबराला बाहेर ढकलते.

धमनीच्या भिंतीलाही तीन थर असतात. आतलं गुळगुळीत अस्तर, मधला स्नायूंचा आणि लवचीक तंतूंचा थर, आणि बाहेरचं आवरण. मधला थर म्हणजे टायरमधले दोरे समजा. वय, जास्त रक्तदाब, धूम्रपान, काही घराण्यांत चालत आलेला भिंतीचा कमकुवतपणा, यांमुळे तो थर झिजतो. मग हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती जागा थोडी थोडी बाहेर येते. दिवसाला साधारण एक लाख ठोके पडतात, विचार करा.

टायरच्या उदाहरणात एक उणीव आहे, ती मुलांना सांगायलाच हवी. टायर निर्जीव आहे, धमनी जिवंत. ती स्वतःची काही दुरुस्ती करत असते, म्हणून अनेक छोटे फुगवटे आयुष्यभर तसेच राहतात.

एकदा फुगलं की पुढे फुगणं सोपं का होतं, हे लांबट फुग्यावर दाखवता येतं. पाचवीच्या पुढच्या वर्गात जरूर करा. लांब फुगा घ्या, अर्धाच भरा आणि तोंड बांधा. एक भाग गरगरीत फुगलेला, दुसरा बारीक शेपटीसारखा. मुलांना विचारा, आत हवेचा दाब कुठे जास्त? बहुतेक सगळे फुगलेल्या भागाकडे बोट दाखवतात. पण आतली हवा एकच आहे, दाब दोन्हीकडे सारखाच. आता दोन्ही भाग बोटाने दाबून पाहायला सांगा. फुगलेल्या भागाचं रबर ताठ लागतं, शेपटीचं मऊ. दाब सारखा असला तरी जिथे रुंदी जास्त तिथे भिंतीवर ताण जास्त, हा लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम. रुंदी दुप्पट तर ताण दुप्पट, वर भिंतही ताणून पातळ झालेली. म्हणूनच डॉक्टर मिलिमीटर मोजत बसतात. (लहान मुलांच्या हातात फुटलेल्या फुग्याचे तुकडे ठेवू नका, घशात अडकतात.)

पोटातल्या महाधमनीची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर असते. तीन किंवा त्याहून जास्त झाली की तिला ॲन्युरिझम म्हणतात, आणि पुरुषांमध्ये साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास गेली की सहसा दुरुस्तीचा विचार करतात. मेंदूतले फुगवटे मात्र मिलिमीटरमध्येच असतात. ते बहुधा धमनीला फांदी फुटते त्या बेचक्यात येतात. नळाच्या पाइपमध्ये 'टी' जोडापाशी पाण्याचा धक्का जास्त बसतो, तसंच. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं. इंग्लंडच्या थॉमस विलिस याने १६६४ च्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं, त्याचंच नाव त्याला आहे. बरेचसे फुगवटे याच कड्याच्या आसपास, देठाला करवंद लटकावं तसे. रिपोर्टमध्ये 'सॅक्युलर' लिहिलेलं असेल तर पिशवीसारखा, 'फ्युसिफॉर्म' असेल तर चरख्याच्या चातीसारखा, मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे निमुळता.

आणि हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: जगभरात साधारण शंभरातल्या तीन मोठ्या माणसांच्या मेंदूत असा न फुटलेला फुगवटा असतो. बहुतेकांना तो आयुष्यात कधी कळतच नाही.

गेटर, चिमटा आणि तार

फाटलेल्या टायरला पंक्चरवाले आतून गेटर टाकतात. महाधमनीतला स्टेंट साधारण तसाच. कापडाचं आवरण असलेली जाळीची नळी बारीक नळीवाटे, बहुतेक वेळा जांघेतल्या धमनीतून, वर नेतात आणि फुगवट्याच्या आतून उघडतात. मग रक्त त्या नळीतून जातं, फुगलेल्या भिंतीवर धक्का बसत नाही. रजनीकांत यांच्या पत्रकात वर्णन केलेला उपचार याच जातीचा.

ही सोय नव्हती तेव्हा काय करत? आइन्स्टाइन यांच्या पोटातल्या महाधमनीला फुगवटा होता. १९४८ मध्ये रुडॉल्फ निसेन या सर्जनने पोट उघडून त्या फुगवट्याभोवती सेलोफेन गुंडाळला. हो, भेटवस्तूला गुंडाळतात तोच कागद. त्याने आजूबाजूला घट्ट ऊती तयार होऊन आधार मिळेल अशी कल्पना. आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून जास्त जगले आणि कामही करत राहिले. एप्रिल १९५५ मध्ये तो फुटला. त्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करायला नकार दिला, आणि १८ एप्रिलला ते गेले.

मेंदूतल्या फुगवट्यासाठी दोन मुख्य मार्ग आहेत. कवटी उघडून फुगवट्याच्या मानेला बारीक चिमटा लावायचा, हे १९३७ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी पहिल्यांदा केलं. किंवा नळीवाटे आत जाऊन फुगवट्यात प्लॅटिनमच्या केसासारख्या तारेचं वेटोळं भरायचं, म्हणजे आत रक्त गोठून तो बंद होतो. हे तंत्र १९९० च्या सुमारास ग्युलिएल्मी या इटालियन डॉक्टरांनी आणलं. आता दोन्ही आपल्याकडे होतात. खर्च मोठा असतो, म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

विस्फोट झाला तर

मेंदूतला फुगवटा फुटतो तेव्हा अचानक, क्षणात, डोक्यात वीज पडल्यासारखी वेदना होते. एका मिनिटाच्या आत ती शिखरावर जाते. 'असं डोकं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं' असं माणूस स्वतःच सांगतो. सोबत उलटी, मान ताठ होणं, उजेड सहन न होणं, फिट येणं, शुद्ध हरपणं, यातलं काहीही असू शकतं. कधीकधी फुटण्याआधीच फुगवटा शेजारच्या मज्जातंतूवर दाबतो आणि एका डोळ्याची पापणी अचानक खाली येते, त्या डोळ्याची बाहुली मोठी दिसते. ही खूण फार महत्त्वाची आहे.

आपल्या घरात अशा वेळी काय होतं ते आपल्याला माहीत आहे. उलटी झाली म्हणजे पित्त. नाइट शिफ्ट करून आला, जेवला नाही, म्हणून डोकं धरलं. लिंबू-सरबत देऊ, बाम लावू, झोपू दे. नेहमीचं पित्ताचं डोकं हळूहळू चढतं आणि माणूस ते ओळखतो. हे तसं नसतं. फुटलेल्या जागी पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त, त्यामुळे 'सकाळी बघू' हे वाक्यच इथे घातक आहे.

१०८ ला फोन करा आणि सांगताना 'डोकं दुखतंय' एवढंच सांगू नका, 'अचानक, एका क्षणात, भयंकर' हे तिन्ही शब्द सांगा. काही खाऊ-पिऊ घालू नका. मनाने ॲस्पिरिन किंवा दुसरी वेदनाशामक गोळी देऊ नका, ॲस्पिरिनने रक्त गोठायला अडथळा येतो. जवळच्या छोट्या क्लिनिकमध्ये तासभर घालवण्यापेक्षा सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये जाणं बरं. संध्याकाळी शिफ्ट सुटताना पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणला काय अवस्था असते ते वेगळं सांगायला नको, तेव्हा कुठे जायचं हे घरात आधीच ठरलेलं असलं तर बरं. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं वायसीएम आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. कामगार विमा असेल तर ते कार्ड कपाटाच्या तळाशी ठेवू नका.

मेंदूतला प्रत्येक रक्तस्राव ॲन्युरिझममुळे होतो असं मात्र नाही. वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूतल्या बारीक धमन्या फुटणं जास्त आढळतं. पण दोन्हींत रक्तदाब आणि सिगारेट हे समान शत्रू आहेत, आणि पहिल्या तासांत करायचं कामही तेच.

आणि आपली मुलं

लहान मुलांमध्ये ॲन्युरिझम दुर्मीळ. पण एक वाट अशी आहे जी बालवाडी-पहिलीच्या शिक्षकांना माहीत हवीच. कावासाकी आजार. जपानचे बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये ५० मुलांचं वर्णन लिहून तो जगापुढे आणला. बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली. पाच दिवस किंवा जास्त जोराचा ताप, डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ लाल आणि फुटलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी, अंगावर पुरळ, हातापायांना सूज, मानेत गाठ. दोन-तीन आठवड्यांनी बोटांच्या टोकांची साल निघते. सगळी लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही, म्हणून गोवर किंवा साधा व्हायरल समजून वेळ जातो.

यात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या सुजून विस्फारू शकतात. उपचार झाला नाही तर साधारण चारांतल्या एका मुलाला असे फुगवटे येतात. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन सलाइनसारखं दिलं तर हे प्रमाण पंचविसांत एकापर्यंत खाली येतं. म्हणजे दिवस मोजण्यात सगळं आहे. सलग पाचव्या दिवशी ताप असलेल्या मुलाचे पालक फोनवर "व्हायरल आहे, मॅडम" म्हणाले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवलं का, डोळे-ओठ लाल आहेत का, एवढं विचारायला आपलं काही जात नाही.

ज्या मुलाला हे इंजेक्शन दिलं गेलं, त्याची गोवराची लस डॉक्टर साधारण अकरा महिने पुढे ढकलतात, कारण तोवर ती नीट काम करत नाही. शाळेत किंवा अंगणवाडीत लसीकरण असेल, आरोग्य तपासणीचं पथक येणार असेल, तर त्या दिवशी मुलाच्या दप्तरात हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स ठेवा आणि वर्गशिक्षकांनाही एक द्या.